मी त्रिग्लावला अकरा वेळा गेलो आहे

५ मे, सोमवार
आजपासून रोजनिशी. डोक्यात विचार फार होतात, ते कुठेतरी उतरवलेले बरे. आनित्साला, म्हणजे बायकोला, बजावून ठेवलंय की या वहीत कारखान्याची गुपितं आहेत, हात लावायचा नाही. ती म्हणाली, मला आधी माझ्या कांद्याच्या वाफ्यातून डोकं वर काढू दे.

संकल्प:
कारखाना स्पर्धेत टिकवणे.
रक्तदाब खाली आणणे.
कशालाही न घाबरणे. (हा तसा अनावश्यक. मी घाबरत नाही. मी सावध असतो.)

परिस्थिती अशी: मी लुडविक पाचनिक, प्रेवाल्येतल्या बिजागरीच्या कारखान्याचा डायरेक्टर. इस्पितळातली खाट डोक्याकडून उचलली जाते ना, ती ज्या बिजागरीवर उचलली जाते ती आम्ही करतो. मालक राजधानीत, ल्युब्ल्यानात बसतात आणि तिमाहीला फोन करतात. मालकांनी परवा स्पष्ट सांगितलंय की डेन्मार्कच्या खाटवाल्यांची ऑर्डर मिळाली तर ठीक, नाहीतर कारखान्याला कुलूप. आपला स्लोव्हेनिया एवढासा देश. जर्मनी शिंकली की आपल्याला न्यूमोनिया होतो.

फोन ठेवल्यापासून झोप नाही. बहुधा त्या रात्रीचे सॉसेज.

१२ मे
आल्बिनने राजीनामा दिला. आल्बिन माझ्या वर्गातला, लेथवर तीस वर्षं. उद्यापासून डोंगरापलीकडे ऑस्ट्रियात, हेर्मान वुटेच्या कारखान्यात. तिथे पगार जास्त, हे मान्य. पण स्वाभिमान? आल्बिन म्हणाला, अरे लुडविक, स्वाभिमान सकाळी पावाला लावून खाता येत नाही. त्याने सेकंडहँड व्हॅनही घेतलीय, नऊ माणसांची. मी विचारलं, एकट्याला नऊ सीट कशाला? तो नुसता हसला.

ते हसणं मला दिवसभर दिसत होतं.

२० मे
मास्टरस्ट्रोक. पळणारी माणसं का पळतात, याचा अभ्यास केला आणि दर बुधवारी कँटीनमध्ये सफरचंदांची टोपली ठेवायची ठरवली. मोफत. योजनेचं नाव: ‘माणूस केंद्रस्थानी’.

युनियनची मिलेना ओब्रेतान आली. म्हणाली, साहेब, बालवाडी चारला बंद होते आणि दुसरी पाळी सहाला सुटते. बायका आपल्या पोरांना दोन तास कुठे ठेवणार, टोपलीत? मी म्हणालो, मुद्दा नोंदवून घेतो. (नोंदवला.) शिवाय इथे मे महिन्यात कोणाच्या बागेत सफरचंद नसतं आणि सप्टेंबरात कोणाला विकत घ्यावं लागत नाही, असंही ती म्हणाली. या बाईला दूरदृष्टी नाही.

या महिन्यात आणखी दोघे गेले. व्हॅन मी पाहिली. तीन सीट भरल्यात.

३ जून
डेन्मार्कशी पहिली व्हिडिओ मीटिंग. खरेदीप्रमुख बोडिलबाई. पन्नाशीच्या, केस पांढरे, डोळे असे की समोरच्याच्या खिशातली चिल्लर दिसावी. मी, मिलेना, आणि भिंतीवर त्रिग्लावचा फोटो. तो फोटो माझीच कल्पना. देशाचं सर्वांत उंच शिखर, झेंड्यावर तेच, नाण्यावर तेच. मागे पर्वत असला की माणूस भक्कम दिसतो.

बोडिलबाईंनी तो फोटो पाहिला आणि बिजागऱ्या सोडून त्याबद्दलच विचारू लागल्या. त्यांच्या देशातली सर्वांत उंच टेकडी म्हणे पावणेदोनशे मीटरची. आमच्याकडे एवढ्या उंचीला लोक कोबी लावतात. त्यांनी विचारलं, तुम्ही वर गेला आहात का?

आता, हा प्रश्न स्लोव्हेनियन माणसाला विचारायचाच नसतो. जो त्रिग्लावला गेला नाही तो खरा स्लोव्हेनियन नाही, हे आपल्याकडे पोर चालायला लागायच्या आधी ऐकतं. मी म्हणालो, अर्थात. त्या म्हणाल्या, किती वेळा? मी म्हणालो, अकरा.

दहा म्हणालो असतो तर बनवल्यासारखं वाटलं असतं.

मग त्यांनी मिलेनाला विचारलं तर ती सरळ म्हणाली, मी नाही गेले अजून, तीन पोरं आणि दोन पाळ्या, वेळच नाही झाला. मला तिची लाज वाटली. परदेशी पाहुण्यांसमोर असं बोलायचं?

बोडिलबाई खूश झाल्या. ऑगस्टच्या शेवटी स्वतः येणार. कारखाना पाहणार, बिजागरीच्या टेस्टचा निकाल पाहणार आणि त्याआधी, म्हणाल्या, लुडविकसाहेब आपल्या सगळ्यांना त्रिग्लावला घेऊन जातील!

मी हसलो. सगळ्यात उशिरापर्यंत मीच हसत होतो.

४ जून
वस्तुस्थिती. त्रिग्लावला मी शरीराने गेलेलो नाही. पण त्याचा विचार अकराहून किती तरी जास्त वेळा केला आहे. एकदा शाळेच्या सहलीत पायथ्यापर्यंत गेलो होतो, तिथे मला गोवर निघाला. तो धरायचा की नाही, हा मतभेदाचा विषय आहे.

उंचीबद्दल माझा विरोध तात्त्विक आहे. घराच्या बाल्कनीत मी जात नाही कारण तिथे आनित्साच्या कुंड्या आहेत.

आज आनित्साला सांगितलं. तिच्या हातातून डाव पडला. म्हणाली, अरे, तू शेल्फवर चढून जॅमची बाटली काढत नाहीस आणि त्रिग्लाव? सरळ सांग त्यांना, चक्कर येते म्हणून. माणसाला चक्कर येऊ शकते! मी म्हणालो, डायरेक्टरला येऊ शकत नाही, बाजारात संदेश चुकीचा जातो.

१५ जून
सराव सुरू. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभं राहणे. आनित्सा स्टूल धरून. तीन मिनिटं उत्तम. चौथ्या मिनिटाला खाली पाहिलं. ही चूक. पुढे खाली पाहायचं नाही, हा नियम.

कारखान्यातल्या लोखंडी जिन्यावरही सराव केला. मधल्या वळणावर थोडा थांबलो. मिलेनाने कठडा पकडलेली बोटं पाहिली आणि विचारलं, काय झालं साहेब? मी म्हणालो, कठड्याची तपासणी. ती म्हणाली, बरं, आणि पाच मिनिटांनी कॉफीचा कप तिथेच आणून दिला.

टेस्ट मात्र जोरात. शेडच्या कोपऱ्यात मशीन बिजागरी उघडतं, मिटतं. एक लाख वेळा उघडमीट झाली आणि बिजागरीला तडा गेला नाही की आम्ही पास. टकटक ऐकून बरं वाटतं. या कारखान्यात न घाबरणारं कोणीतरी आहे.

२९ जून, रविवार
उर्शला डोंगरावर सराव-चढाई. या डोंगरावर आपल्या गावच्या म्हाताऱ्या रविवारी चर्चला जातात, सुती चपला घालून. गाडीने जवळजवळ वरपर्यंत जाता येतं. गेलो. पार्किंगमधून दृश्य अप्रतिम असावं. मी गाडीकडे तोंड करून उभा होतो. आनित्सा वर जाऊन, मेणबत्ती लावून, मोश्ट म्हणजे सफरचंदाची वाइन पिऊन परत आली. म्हणाली, तुझ्यासाठीही एक लावली.

११ जुलै
मिलेना केबिनमध्ये आली, दार लावलं. म्हणाली, साहेब, एक बोलू? जायचं नसेल तर नका जाऊ. बोडिलबाईंना मी सांगते, साहेबांचा गुडघा धरलाय. आम्हाला काहीही वाटणार नाही. आम्हाला फक्त ती ऑर्डर हवी आहे. माझा मोठा पोरगा म्हणतो, आई तू पण व्हॅनमध्ये बस. मला नाही बसायचं. मला इथंच, घरापासून चालत यायचंय.

मी म्हणालो, मिलेनाबाई, तुम्ही निश्चिंत राहा, तुम्ही डोंगर मला शिकवू नका.

ती गेल्यावर हातपाय गार पडले होते. एसी बंद करायला सांगितलं. आपल्याकडे एसी नाही असं उत्तर आलं.

दुकानातून दोर आणला. लाल, नवा. शिखरावर पहिल्यांदाच पोचणाऱ्याला जुन्या जाणत्याने ओणवं करून दोराचे तीन फटके द्यायचे, हा त्रिग्लावचा बाप्तिस्मा. पंतप्रधान असो की पाद्री, कोणी सुटत नाही. बोडिलबाईंना फटके मारायचा मान अर्थात माझा. अकरा वेळा गेलेल्याचाच असतो.

१ ऑगस्ट, शुक्रवार
उद्यापासून सगळ्या कारखान्याला एकदम सुट्टी. अख्खा देश सोमवारी क्रोएशियाच्या समुद्रावर असेल आणि तिथेही शेजारचाच माणूस शेजारी टॉवेल टाकून पडलेला असेल. शेवटचा बाहेर पडलो मी. टेस्टचं मशीन रिकाम्या शेडमध्ये टकटक करत होतं. ते दोन आठवडे असंच चालायचं होतं, मग लाख पुरे. दाराशी आलो आणि डोक्यात आलं, शॉर्टसर्किट झालं तर? ठिणगी, तेल, आग. मालकांचा फोन. वर्तमानपत्र.

मेन स्विच बंद केला. सावधपणा.

१८ ऑगस्ट
परत आलो. मशीन शांत. आकडा जिथल्या तिथे: एक्कावन्न हजार आणि काहीतरी. आता लाख पुरे करायला दोन आठवडे लागतील, बाई गुरुवारी येतायत. मिनिटभर तोंडचं पाणी पळालं.

मग शांतपणे विचार केला. मशीन काय मोजतं? उघडून मिटलं की एक. पण उघडणं ही एक क्रिया आहे आणि मिटणं ही वेगळी क्रिया आहे. कोणत्याही दरवानाला विचारा. दोन्ही वेगवेगळी मोजली तर लाखाच्या वर जातं! टेस्ट केव्हाच पूर्ण झाली आहे, मशीनलाच कळलेलं नाही.

पुन्हा सुरू केलं नाही. चालू दिसलं तर बाई विचारतील, का चालू आहे.

२० ऑगस्ट
बोडिलबाईंचा निघण्यापूर्वी फोन. टेस्टचं काय झालं? म्हणालो, लाख पूर्ण, तडा नाही. आवाज माझा होता, पण थोडा उंच लागला.

हेर्मान वुटेसुद्धा या ऑर्डरच्या मागे आहे, हे बाईंनीच सहज सांगितलं. त्याची माणसं आमचीच, त्याची बिजागरी आमचीच असणार. आपल्याकडे म्हण आहे, माझी गाय नाही वाचली तरी चालेल, शेजाऱ्याची मरो. मी तसला नाही. पण हेर्मानच्या गाईला साधा खोकला व्हायला काय हरकत आहे?

२२ ऑगस्ट, शुक्रवार. क्रेदारित्साची झोपडी
झोपडी म्हणजे डोंगरावरची धर्मशाळा, शिखराच्या थोडी खाली. सकाळी क्रमा नावाच्या खोऱ्यातून चढायला लागलो. मी, बोडिलबाई, मिलेना, आणि पुढे एक वाटाड्या, ज्याची पोटरी माझ्या मांडीएवढी. जंगल होतं तोवर मी आघाडीवर. झाडं संपली तसा मध्ये आलो. दगड लागले तसा शेवटी. शेवटी राहून सगळ्यांवर लक्ष ठेवता येतं.

आपल्या डोंगरात नियम आहे: हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात. मंत्री असो नाहीतर गवंडी. मी तो नियम विसरलो होतो. हजाराची खूण गेली आणि मिलेना म्हणाली, लुडविक, पाणी पी जरा, तुझा चेहरा चुन्यासारखा झालाय. मी इकडेतिकडे पाहिलं. मलाच म्हणाली होती.

बोडिलबाई बकरीसारख्या उड्या मारत होत्या. ज्या देशात पडायला जागाच नाही, तिथली माणसं घाबरायला शिकतच नसावीत.

संध्याकाळी जेवायला रिचेत, म्हणजे जव आणि घेवड्याची गरम भाजी. शेजारच्या बाकावर मारिबोरचे निवृत्त शिक्षक होते. बोडिलबाईंनी त्यांना सांगितलं, हे अकरा वेळा आलेत. सगळे माझ्याकडे वळले. एकाने विचारलं, उत्तरेच्या कड्याने की कसं? मी म्हणालो, मिश्र. एका म्हाताऱ्याने माझ्या बुटांकडे पाहिलं. बुटाच्या तळव्यावर किमतीचं लेबल होतं.

खिडकीतून शिखर दिसतं. दिसतं म्हणजे, लोंबतं. मी खिडकीकडे पाठ करून बसलो. मिलेना माझ्या बाजूला सरकली आणि हळूच म्हणाली, उद्या इथंच थांब, चहा पी. आम्ही जाऊन येतो. मी सांगते, पोट बिघडलंय.

मी म्हणालो, मिलेना, पोट माझं आहे.

का म्हणालो? तेव्हा हो म्हणता आलं असतं.

२३ ऑगस्ट. येसेनित्सेचं इस्पितळ
जमेल तसं लिहितो.

छोट्या त्रिग्लावपर्यंत, म्हणजे शिखराआधीच्या सुळक्यापर्यंत गेलो. लोखंडी खुंट्या, लोखंडी तार, तारेला कंबरेचा हुक. वाटाड्या म्हणाला, पुढे धार आहे, सरळ चाला, समोर बघा. धार म्हणजे धारच. डावीकडे काही नाही. उजवीकडेही काही नाही. मध्ये आपण.

नियम मोडला. खाली पाहिलं.

मला भीती वाटली. फार. असं वाटलं की माझे पाय हे पाय नाहीत, कोणाच्या तरी दोन जुन्या विजारी आहेत. खुंटीला मिठी मारली. वाटाड्या म्हणाला, सोड. नाही सोडली. बोडिलबाई परत येऊन म्हणाल्या, लुडविक, श्वास घे. तो मी घेतला होता, सोडायचा राहिला होता.

ऑगस्टचा शनिवार. अर्धा देश मागे रांगेत. डोंगरात समोर येणाऱ्याला नमस्कार करायचा असतो, ही आपली पद्धत. माझ्या अंगावरून, खांद्याला हात टेकवून, एकेक माणूस पुढे गेला आणि प्रत्येकाने म्हटलं, नमस्कार. मलाही प्रत्येकाला म्हणावं लागलं. मारिबोरचे शिक्षकही गेले. लेबलवाला म्हातारा म्हणाला, बाराव्यांदा ना? एक आजी गेली, सत्तरीची. तिने माझ्या हेल्मेटवर थोपटलं.

बोडिलबाईंना वाटाड्याने वर नेलं. मिलेना थांबली. धारेवर माझ्या मागे बसली आणि माझा बूट दोन्ही हातांनी धरून ठेवला. मी म्हणालो, तू जा, तुझी पहिलीच वेळ आहे. (तू म्हणालो. उंची होती.) ती म्हणाली, शिखर कुठे पळून जातंय? बोलत राहा. मग तिने पोरांच्या गोष्टी सांगितल्या. मधल्याला गणित येत नाही. धाकटी चिमटे गोळा करते. मी त्या सगळ्या ऐकल्या. शिखर वीस मिनिटांवर होतं आणि ती माझा बूट धरून बसली होती.

वरून टाळ्या ऐकू आल्या. बोडिलबाईंना फटके पडले असावेत. दोर माझ्याच पाठपिशवीत होता. वर कोणीतरी दुसरा दिला.

मग हेलिकॉप्टर आलं. त्याबद्दल लिहीत नाही.

२४ ऑगस्ट
घरी. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. हे त्यांनी चारचौघांत म्हणायला नको होतं. पिशवीतला दोर मिलेनाला देऊन टाकला. म्हणालो, पुढच्या वेळी लागेल.

वर्तमानपत्रात नाव नाही. फक्त: ‘प्रेवाल्येजवळचा सत्तावन्न वर्षांचा पुरुष, बिजागरी उद्योगातील, जखम नाही, तयारी नाही, सुखरूप खाली.’ नाव छापलं असतं तर निदान कोणाला तरी दुसराच कोणी लुडविक वाटला असता. बेकरीवालीने पाव देताना विचारलं, साहेब, कट्ट्यावरून उतरताना हात देऊ का? हेलिकॉप्टरचा खर्च करदात्यांनी का भरावा, यावर रेडिओवर चर्चा होती. एकूण वातावरण उद्योगांना प्रतिकूल आहे.

२६ ऑगस्ट
बोडिलबाई कारखान्यात आल्या. चालताना थोड्या एका अंगाने चालत होत्या. फटके व्यवस्थित पडलेले दिसतात. डोंगराचा विषय काढला नाही. मला हायसं वाटलं. माणसं फिरून पाहिली, सगळ्यांशी बोलल्या. माल हातात घेऊन उजेडात धरला. म्हणाल्या, काम सुंदर आहे. मिलेनाचा चेहरा असा फुलला की मी पहिल्यांदाच पाहिला.

मग त्या टेस्टच्या मशीनपाशी थांबल्या. वाकून आकडा वाचला. एक्कावन्न हजार. माझ्याकडे पाहिलं.

मी पद्धत समजावून सांगितली. उघडणं एक, मिटणं एक.

बाईंनी आकडा पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, आणि त्या अकरा वेळासुद्धा तुम्ही अशाच मोजल्यात का? चढणं एक, उतरणं एक?

मला वाटलं ही सुटायची वाट आहे. मी म्हणालो, हो.

त्या म्हणाल्या, म्हणजे साडेपाच वेळा. आणि अर्ध्या वेळेला तुम्ही अजून वरच आहात.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. गाडीत बसताना बाई म्हणाल्या, लुडविकसाहेब (परत साहेब, आपण खाली होतो), उंचीला घाबरणं हा गुन्हा नाही, माझी बहीण लिफ्टमध्ये बसत नाही. मशीन बंद पडलं होतं म्हणाला असतात तर मी दोन आठवडे थांबले असते. पण या खाटेवर आजारी माणूस झोपणार आहे. त्याची बिजागरी किती वेळा उघडली, हे मला नक्की ठाऊक असायला हवं.

मिलेना दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती वळून कामाला लागली. तिने मला काहीतरी म्हणायला हवं होतं.

१५ सप्टेंबर
ऑर्डर हेर्मान वुटेला. कारणं: जागतिक परिस्थिती, विजेचे दर, मोठ्या देशांची दादागिरी. मालकांना तसा ईमेल केला. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं.

आज बुधवार नव्हता, तरी मी कँटीनमध्ये सफरचंदं ठेवली. संध्याकाळी सगळी तशीच होती.

३ ऑक्टोबर
आल्बिनने दुसरी व्हॅन घेतली.

११ नोव्हेंबर, संत मार्टिनचा दिवस
आज द्राक्षरसाची वाइन होते, घरोघरी बदक भाजतात. आमच्याकडेही भाजलं. सकाळी कारखान्याला कुलूप लागलं. मेन स्विच मीच बंद केला. या वेळी कोणाला आगीची भीती नव्हती.

मिलेना कपाटातल्या वस्तू पिशवीत भरत होती. सोमवारपासून ती व्हॅनमध्ये. पहाटे पाचला निघायचं, पोरांचा डबा आदल्या रात्री करून ठेवायचा. मी म्हणालो, मिलेनाबाई, मी नवीन प्रस्ताव तयार करतोय, मार्चपर्यंत आपण सगळे परत इथे असू. ती म्हणाली, हो साहेब. हेर्मानकडे बालवाडी आहे म्हणतात, सातपर्यंत उघडी. मी म्हणालो, हा मुद्दा मी मेमध्येच नोंदवला होता.

जेवताना आनित्सा म्हणाली, आता काय करणार आहेस? मी म्हणालो, सल्लागार होणार. तिने मला बदकाची तंगडी वाढली, जी ती दरवर्षी स्वतः खाते. तेव्हा मात्र मला रडू आलं. वाइन आंबट होती म्हणालो.

२४ नोव्हेंबर
सल्ला मागायला कोणी आलं नाही. रोजगार कचेरीतल्या मुलीने विचारलं, साहेब, तुमच्याकडे कोणतं कौशल्य आहे? मी म्हणालो, नेतृत्व. तिने कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ शोधलं. मग म्हणाली, पलीकडे, ऑस्ट्रियात, एकच जागा आहे.

१ डिसेंबर, सोमवार
आल्बिनची व्हॅन, पाच वाजता, चर्चसमोर. एकच सीट रिकामी होती, अगदी मागे, चाकावर. जन्मात इतका घाबरलो नव्हतो, धारेवरसुद्धा नाही. तिथे निदान सगळे अनोळखी होते. इथे आठ जण, सगळे माझ्याच कारखान्यातले.

मिलेना म्हणाली, लुडविक, सरक तिकडे, पिशवी मांडीवर घे. प्रेवाल्ये समुद्रसपाटीपासून चारशे मीटर. इथे ‘तुम्ही’ म्हणायचं असतं. मी कोणाला आठवण करून दिली नाही.

सीमेवर, होल्मेत्सच्या खिंडीत, आल्बिनने गाडी कडेला घेतली. आता काय? सगळे उतरले. माझी पाचावर धारण बसली. वाटलं, झालं, आता इथेच विचारणार सगळं. अकरा वेळा, एक लाख, सफरचंदं. मिलेनाने पिशवीतून दोर काढला. लाल. माझाच.

आल्बिन म्हणाला, पद्धत आहे रे. कामाला पहिल्यांदा सीमा ओलांडणाऱ्याला तीन फटके. आम्ही सगळ्यांनी खाल्लेत. मिलेनाने पण.

मिलेना समोर उभी राहिली आणि विचारलं, पहिलीच वेळ ना?

तोंडात अकरा येत होतं. खरंच येत होतं.

म्हणालो, पहिलीच.

ओणवा झालो. फटके जोरात नव्हते. तिसरा तर लागलाच नाही. मग कोणीतरी मला गरम चहा दिला, रम घातलेला, आणि सगळे गाडीत बसले.

हेर्मान वुटे बरा माणूस निघाला. त्याने मला शेडच्या कोपऱ्यात नेलं. टेस्टचं मशीन. डेन्मार्कचीच बिजागरी, आमचीच माणसं करतायत, फक्त डोंगराच्या या बाजूला. मला तिथे उभं राहून आकडा लिहायचा आहे. हेर्मान म्हणाला, उघडून मिटलं की एक, समजलं ना? मी म्हणालो, समजलं.

२ डिसेंबर
आज दुसऱ्यांदा गेलो. जाणं-येणं मिळून एकच धरतो.